लीजवर एसयूव्ही घेतली: शोरूमला अडीच स्टार, लीज कंपनीला तीन, एक्सेलला पाच

आधीच सांगते, गाडीचं नाव लिहिणार नाहीये. शोरूमचं नाही, लीज कंपनीचंही नाही. गाडीचं नाव लिहिलं की हायवेवरची त्यांची कुठली शोरूम ते कोणीही पाच मिनिटांत शोधून काढेल, आणि मला अजून तीन फ्री सर्व्हिसिंग तिथंच करून घ्यायचीयेत. एवढं सांगते की पाच सीटर एसयूव्ही, दीड लिटर पेट्रोल ऑटोमॅटिक, लिस्ट किंमत 17 लाख, म्हणजे हजार-दोन हजार इकडेतिकडे, हिशोबाला गोल धरलेत. गाडी छान आहे. तिच्याबद्दल काही तक्रार नाही, हा रिव्ह्यू गाडीचा नाहीच, तिच्यामागे जी सहा आठवडे घासाघीस झाली तिचा आहे.

मी कोथरूडला राहते, ऑफिस खराडीला, आठवड्यातून तीन दिवस जावं लागतं, शिवाय महिन्यातून दोनदा साताऱ्याला माहेरी. आधीची हॅचबॅक 11 वर्षांची, खंबाटकीचा घाट आला की आपोआप माझा हात एसीच्या बटणाकडे जायचा, एसी बंद केल्याशिवाय ती चढायचीच नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदलला, आमच्या साईझच्या एसयूव्हीवर आधी सेस धरून 45 टक्के होता तो सरळ 40 झाला, आणि दसऱ्याला सगळं पुणं शोरूममध्ये. तेव्हा आम्ही चौकशीला गेलो तर डिस्काउंट हा शब्द काढला की समोरचा पोरगा असा बघायचा की जणू मी त्याच्याकडे किडनी मागितली. म्हटलं राहू दे, दिवाळी जाऊ दे, नोव्हेंबर संपता संपता येऊ. हा एक निर्णय बरोबर ठरला.

मधल्या काळात ऑफिसमधून कार लीज पॉलिसीची मेल आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गाडी लीज कंपनी विकत घेते, तुमच्या ऑफिसला भाड्याने देते, ऑफिस ती तुम्हाला वापरायला देतं, आणि ते भाडं तुमच्या सीटीसीतून, म्हणजे ऑफिस वर्षाला तुमच्यासाठी जो एकूण पगारखर्च धरतं त्यातून, टॅक्स लागायच्या आधीच वजा होतं. बदल्यात टॅक्सेबल पगारात गाडीच्या नावाने एक छोटी रक्कम धरतात, पर्क्विझिट म्हणतात त्याला. ऑफिस आणि घर दोन्हीला वापर आणि चालवायचा खर्चही ऑफिसमार्फत असेल तर 1.6 लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना 1,800, त्याच्या वर 2,400, ड्रायव्हर असेल तर अजून 900. हे 2025-26 या वर्षाचे आकडे आहेत. न्यू रेजिममध्ये, म्हणजे नव्या करपद्धतीत, एचआरए म्हणजे घरभाड्याची सूट गेली, 80सी म्हणजे गुंतवणुकीवरची सूट गेली, पण हे राहिलंय, म्हणून आयटी कंपन्यांतले लोक हल्ली लीजच्या मागे लागलेत.

इथं एक गंमत सांगते. नवऱ्याला स्कॉर्पिओ एन हवी होती, 2.2 डिझेल, आणि ऑफिसातल्या कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की 1.6 च्या वर गेलात की टॅक्स वाढतो, लीजचा फायदाच जातो. वाढतो म्हणजे किती? पर्क्विझिटमधला फरक 600 रुपये, त्याच्यावर सेस धरून 31.2 टक्के, म्हणजे महिन्याला 187 रुपये. दोघांची मिसळ पण धड होत नाही तेवढ्यात! स्कॉर्पिओ आम्ही घेतली नाही ते सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबामुळे, टॅक्समुळे नाही.

तर आता शोरूम. सेल्सचा मुलगा चांगला होता, बोलायला गोड, पण पहिला अर्धा तास तो सगळं माझ्या नवऱ्याला सांगत होता. सर मायलेज, सर सनरूफ, सर बूट स्पेस. नवरा प्राध्यापक आहे, त्याला सनरूफ म्हणजे पावसाळ्यात गळणारी आणखी एक जागा एवढंच माहितीये. शेवटी तोच म्हणाला, अहो लीज यांच्या पगारातून आहे, यांच्याशी बोला. मग ‘मॅडम, रंग कुठला आवडतो?’ असो. अर्धा स्टार तिथंच गेला.

लीज कंपनीचा माणूस फोनवरच होता शेवटपर्यंत, एकदाही प्रत्यक्ष भेटला नाही, पण रोज सकाळी गुड मॉर्निंगचा फोटो न चुकता पाठवायचा. त्यानं पहिलं कोटेशन पाठवलं: 48 महिने, भाडं 39,330, त्यावर जीएसटी, मेंटेनन्स पॅकेज 2,400, त्यावर जीएसटी, एकूण 57,894 महिना. आणि खाली हिरव्या रंगात मोठ्या अक्षरात: तुमची टॅक्स बचत 31.2 टक्के. बघणाऱ्याची नजर त्या हिरव्यावरच जावी अशीच रचना.

मी सरळ उत्तर पाठवलं की याची फोड द्या. कॉस्ट शीट. गाडीची किंमत किती धरलीत, आरटीओ किती, इन्शुरन्स किती, शेवटी उरणारी किंमत म्हणजे आरव्ही किती, आणि व्याजाचा दर किती. दोन दिवस नुसतेच गुड मॉर्निंग येत राहिले. तिसऱ्या दिवशी फोन, ‘मॅडम लीजमध्ये व्याजदर नसतो, रेंटल असतं.’ म्हटलं बरं, दर नका देऊ, बाकीचे आकडे तरी द्या. ते दिले. बाकीचे आकडे मिळाले की दर आपला आपण निघतो हे त्याच्या लक्षात आलं नसावं, किंवा माझ्या लक्षात येईल असं वाटलं नसावं.

फोड अशी होती. गाडी 17 लाख, त्यातला 40 टक्के जीएसटी बाजूला काढला की 12.14 लाख (लीज कंपनी गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेते, आणि मग तुमच्या भाड्यावर गाडीच्याच दराने म्हणजे 40 टक्के लावते). आरटीओ 3.40 लाख. इन्शुरन्स 62 हजार. ‘इतर’ 18 हजार. टोटल 16.34 लाख. चार वर्षांनी आरव्ही 20 टक्के म्हणजे 3.40 लाख. आता एक्सेल उघडायचं, त्यात रेट नावाचं फंक्शन आहे, त्याला चार आकडे द्यायचे: 48, वजा 39330, 1634000, वजा 340000. जे उत्तर येईल ते महिन्याचं, त्याला 12 ने गुणायचं. माझं आलं 14 टक्के. चौदा! कार लोन बँका 9 च्या आसपास देत होत्या, आणि हा माणूस म्हणतो लीजमध्ये व्याजदर नसतो.

मग रविवारी सकाळी मी डायनिंग टेबलवर बसून पूर्ण हिशोब मांडला, सासरे समोर पेपर वाचत. ते एसटीत होते, स्वारगेट डेपोत वर्कशॉपला, बत्तीस वर्षं. त्यांना भाड्याची गाडी ही कल्पनाच पटत नव्हती. ‘अगं पण आरसीवर नाव कोणाचं?’ एवढा एकच प्रश्न ते आठवडाभर विचारत होते, आणि मला वाटत होतं की जुन्या माणसांना असतं तसलं, पण गंमत म्हणजे सगळ्यात महाग प्रश्न तोच निघाला. आरसी कंपनीच्या नावावर असली की महाराष्ट्रात रोड टॅक्स 20 टक्के. माझ्या नावावर हीच पेट्रोल गाडी घेतली असती तर 10 ते 20 लाखाच्या स्लॅबमध्ये 12 टक्के. 3.40 लाख आणि 2.04 लाख, फरक 1.36 लाख, तोही भाड्यात मिसळलेला, त्यावर 14 टक्के व्याज, आणि वर 40 टक्के जीएसटी. बाबांना हे सांगितलं तर त्यांनी पेपर खाली न ठेवताच ‘हं’ केलं फक्त.

दुसरी गोष्ट, ते हिरवं 31.2 टक्के. माझं टॅक्सेबल उत्पन्न 27 लाखांच्या आसपास. 30 टक्क्यांचा स्लॅब न्यू रेजिममध्ये 24 लाखांच्या वर सुरू होतो, 20 ते 24 ला 25 टक्के. वर्षाचं भाडं जीएसटी धरून साडेसहा लाखांच्या वर, म्हणजे त्यातले वरचे तीनच लाख 31.2 ने वाचतात, बाकीचे 26 ने. कोटेशनवाला सगळ्यांना सरसकट 31.2 छापतो. ज्यांचा पगार 24 च्या आत आहे त्यांनी तर तो हिरवा आकडा बघूच नये.

आणि मग मी दोन रकाने केले. एका बाजूला पहिलं कोटेशन, मेंटेनन्स काढून, चार वर्षांचं सगळं भाडं अधिक शेवटी गाडी घ्यायचे 3.40 लाख, वजा माझी खरी टॅक्स बचत. उत्तर 22.56 लाख. दुसऱ्या बाजूला सरळ स्वतःच्या नावावर, 60 हजार डिस्काउंट घेऊन, इन्शुरन्स बाहेरून, 12 टक्के आरटीओ, पूर्ण ऑनरोड रकमेचं 9 टक्क्यांनी चार वर्षांचं लोन. 22.71 लाख. फरक पंधरा हजार! म्हणजे सरकारनं मला जी सात-सव्वासात लाखांची सूट दिली ती वाटेत लीज कंपनी, इन्शुरन्स आणि आरटीओ यांनी वाटून खाल्ली, माझ्या हातात चार वर्षांचे पंधरा हजार, आणि नोकरी सोडली तर तेही नाहीत. हे बघितल्यावर डोकं सटकलं. त्या दिवशी ठरवलं की एकतर हे नीट करून घ्यायचं नाहीतर लोन.

पहिला फोन एचआरला. तिथल्या मॅडमना पाचही स्टार, वर अजून एक देते. त्यांनी एका वाक्यात सांगितलं की पॅनेलवर एक नाही, दोन लीज कंपन्या आहेत, मेलमध्ये एकाचंच नाव होतं कारण दुसऱ्याचा फॉर्म अपलोड करायचा राहिला होता. दुसऱ्याकडून कोटेशन मागवलं, तेच एक्सेल लावलं, 12 टक्के निघालं. ते पहिल्याला पाठवलं, फक्त ‘12’ एवढंच लिहून. एका तासात फोन, आणि आता मात्र व्याजदर असतो! आधी 13 झाला, मग 12.25, मग मी तीन दिवस उत्तरच दिलं नाही, फॅमिलीत लग्न होतं, खरंच होतं, मुद्दाम नाही, तर चौथ्या दिवशी 11.5. लग्नाला जाण्याचे असे पैसे याआधी कधी मिळाले नव्हते.

दरम्यान शोरूम. माझा समज होता की लीजमध्ये गाडी लीज कंपनी घेते म्हणजे शोरूमशी घासाघीस तेच करतील. करतात की, पण डिस्काउंट तुमच्यापर्यंत येईलच असं नाही. कोटेशनमध्ये लिस्ट किंमत पूर्ण 17 लाख, आणि त्याच शोरूममध्ये त्याच आठवड्यात माझ्या मैत्रिणीला त्याच व्हेरियंटवर कॉर्पोरेट आणि इयर एंड मिळून 60 हजार सुटलेले. मी सेल्सच्या मुलाला विचारलं तर तो म्हणतो, ‘मॅडम लीज केसला स्कीम लागत नाही.’ लीजवाल्याला विचारलं तर तो म्हणतो शोरूम देत नाही. मग मी एक मेल लिहिली, टू मध्ये दोघं, सीसीमध्ये एचआर: कृपया या इनव्हॉइसवर किती डिस्काउंट आहे आणि तो कोणाच्या हिशोबात जाणार आहे ते दोघांनी याच मेलवर कळवावे. बस. दोघंही एकमेकांसमोर लेखी खोटं बोलेनात. 60 हजार इनव्हॉइसमध्ये आले.

इन्शुरन्समध्ये 62 चे 47 झाले. शोरूमचाच एजंट, कव्हर तेच, झिरो डेप तेच, मी फक्त बाहेरचं कोटेशन पुढे केलं. इन्शुरन्स इथूनच घ्या अशी सक्ती नसते हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

‘इतर’ 18 हजारांत 17 हजार निघाले टीसीएस. दहा लाखांवरच्या गाडीला 1 टक्का टीसीएस शोरूम कापून घेते, पण तो कर नाही, ॲडव्हान्स आहे, गाडी ज्याच्या नावावर त्याच्या पॅनला जमा होतो आणि तो रिटर्नमध्ये परत घेतो. गाडी लीज कंपनीच्या नावावर, क्रेडिट त्यांना, आणि खर्च माझ्या भाड्यात? हे विचारल्यावर समोरून फक्त ‘ओके मॅडम, रिमूव्ह करतो’ आलं. कसलाही वाद नाही. यावरून काय ते समजा. शोरूमनं पण एक प्रयत्न केला, लॉजिस्टिक्सचे साडेसात हजार तुम्ही वेगळे रोख द्या म्हणे, लीजमध्ये बसत नाहीत. पावती कशाच्या नावाने देणार विचारलं तर विषय बदलला. एक्स्टेंडेड वॉरंटी मात्र मी घेतली, फास्टॅग धरून दहा हजारात बसली, ऑटोमॅटिक आहे, जरा भीतीच वाटते.

मेंटेनन्स पॅकेज काढून टाकलं. 2,400 अधिक जीएसटी म्हणजे 2,832 महिना, वर्षाला 34 हजार, नव्या गाडीला, जिची पहिली सर्व्हिसिंग फ्री आहेत. बाबा म्हणाले एवढ्यात एसटीचं इंजिन उतरवून परत बसवलं असतं.

आता आरव्हीचा मुद्दा, आणि हा नीट वाचा कारण इथं जवळजवळ मी फसले होते. घासाघीस रंगात आली असताना लीजवाला म्हणाला, मॅडम तुम्हाला भाडं कमीच हवंय ना, आपण आरव्ही 20 ऐवजी 35 टक्के करू, भाडं लगेच चार हजारानं उतरतं, जीएसटी धरून 5,600. ऐकायला काय गोड! मी हो म्हणणारच होते. पण भाडं जातं टॅक्स कापायच्या आधीच्या पैशातून, आणि आरव्ही चार वर्षांनी मी माझ्या खिशातून, टॅक्स भरून उरलेल्या पैशातून देणार. म्हणजे ज्या भागावर सूट आहे तो कमी करून ज्यावर नाही तो वाढवायचा. गाडी परत करायची असेल तर आरव्ही जास्त असलेली चांगली, ठेवायची असेल तर कमी असलेली. मला ठेवायचीये. चार वर्षं जुनी, एका हातातली, सातारा-पुणे फिरलेली एसयूव्ही 3.40 लाखात मला बाजारात कोण देणार आहे? 20 टक्के तसेच ठेवले. आणि परत करायच्या लीजमध्ये किलोमीटरची मर्यादा असते, आम्हाला चार वर्षांत 60 हजार सांगितले होते, वर गेलात की दर किलोमीटरला पैसे, शिवाय परत देताना प्रत्येक ओरखड्याचा पंचनामा. पुण्यात चार वर्षं ओरखडा न येऊ देता गाडी चालवणारा माणूस मी अजून बघितलेला नाही.

फक्त शेवटी गाडी मला याच किमतीला मिळेल हे ॲग्रीमेंटमध्ये कुठेच नव्हतं. ॲग्रीमेंट ऑफिस आणि लीज कंपनीतलं, त्यात माझं नावच नाही. तोंडी सगळे म्हणतात मिळते हो, सगळ्यांना मिळते. मी लेखी मागितलं: बायबॅक 3.40 लाख अधिक लागू होईल तो जीएसटी, चौथ्या वर्षाच्या शेवटी, गाडी वापरणाऱ्या कर्मचाऱ्यालाच. बारा दिवस लागले त्या मेलला. सगळ्यात जास्त वेळ यालाच गेला.

दोन गोष्टी नाही जमल्या, त्यापण सांगते नाहीतर वाटेल मी काय सगळंच जिंकले. एक, आरटीओ. लीजवाल्यानं हळूच सुचवलं की दुसऱ्या राज्याचं पासिंग करू, स्वस्त पडतं. गाडी पुण्यात राहणार, बारा महिन्यांच्या वर इथं ठेवली की इथलं रजिस्ट्रेशन करून टॅक्स भरावाच लागतो, आणि तोवर प्रत्येक चौकात हवालदाराला गोष्ट सांगत बसायची? नाही म्हटलं. आम्हाला एमएच 12 च हवी होती, थोडा माज पण आहे त्यात, मान्य. दोन, नोकरी सोडली तर. फोरक्लोजर चार्ज, म्हणजे लीज मधेच बंद करायचा दंड, उरलेल्या मुद्दलावर 6 टक्के, जीएसटी वेगळा. हे मास्टर ॲग्रीमेंटमध्ये आहे, एकट्या कर्मचाऱ्यासाठी बदलत नाहीत, मी खूप डोकं आपटलं. एचआरच्या मॅडमनी एवढं करून दिलं की नव्या ऑफिसची याच लीज कंपनीशी पॉलिसी असेल तर चार्ज न लावता ट्रान्स्फर होईल. हल्ली खराडी-हिंजवडीत कोणाची खुर्ची कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा ज्यांना वर्ष-दोन वर्षांत नोकरी बदलायचीये त्यांनी हा कॉलम आधी वाचावा, सनरूफ नंतर.

शेवटचं कोटेशन: भाडं 35,306, जीएसटी धरून 49,428. मेंटेनन्स सोडला तरी महिना 5,634 कमी, चार वर्षांचे 2.70 लाख. तेच दोन रकाने परत मांडले तर लीज 20.56 आणि लोन 22.71. म्हणजे आता साधारण दोन लाख खरंच माझे, बायबॅकचा जीएसटी त्यातून जाईल तेवढा जाऊ दे.

डिलिव्हरीच्या आधी गाडी बघायला यार्डात गेलो, वाघोलीच्या पुढे, डिसेंबरचा तिसरा आठवडा. शोरूमवाले म्हणत होते शोरूममध्येच बघा, तिथं धुऊन पुसून ठेवतो. बाबा म्हणाले, धुतलेली नवरी बघायची नाही. मी म्हटलं बाबा! पण गेलो. त्यांनी टॉर्च घेतली, खाली गुडघ्यावर बसले सत्तराव्या वर्षी, आणि चारही टायरवर बोट फिरवत चार आकडे वाचायला लागले. टायरच्या बाजूला छोट्या चौकटीत असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीन टायर 4025, म्हणजे 2025 चा चाळिसावा आठवडा. चौथा 1125. स्टेपनी पण 4025. ‘हा टायर ह्या गाडीचा नाही,’ बाबा म्हणाले. यार्डातला पोरगा म्हणतो, काका कंपनीतूनच असं येतं. बाबांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी ओळखते, मी पहिल्यांदा भाकरी थापली होती तेव्हाची. मग त्यांनी त्या चाकाचे नट दाखवले, बाकी सगळे कोरे, त्या एकाच्या कडांवर पान्याच्या खुणा. मीटरवर 71 किलोमीटर. कोणीतरी ही गाडी फिरवली होती, कुठंतरी खड्ड्यात घातली होती आणि कुठल्यातरी जुन्या स्टॉकचा टायर लावला होता.

मी तिथूनच चासी नंबरचा फोटो काढून लीजवाल्याला पाठवला की ही गाडी आम्ही घेत नाही. आणि इथं त्याला पहिल्यांदा मनापासून मार्क देते, त्यानं अर्ध्या तासात शोरूमला पेमेंट थांबवल्याचं कळवलं. वर्षाला शेकडो गाड्या घेणाऱ्या गिऱ्हाइकाचं पेमेंट थांबलं की शोरूम कशी पळते बघायचं असेल तर लीजवर गाडी घ्या. पाच दिवसांत दुसरी आली, नऊ किलोमीटर, पाचही टायर एकाच महिन्यातले, बाबांनी पास केली.

गाडी घरी आली तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनी पार्किंगचं स्टिकर द्यायला नकार दिला, कारण आरसी सभासदाच्या नावावर नाही, भाड्याच्या गाड्यांना नियम वेगळे. ऑफिसचं पत्र दिलं तर म्हणाले लेटरहेड आहे पण शिक्का कुठंय. शिक्का आणून दिला. तेच पत्र आता गाडीत ठेवलंय, गोव्याला जाताना लागतं म्हणे, गाडी मी चालवू शकते असं ऑफिसनं लिहून दिल्याचं. लीजवाला हे आधी सांगत नाही, म्हणून त्याचे दोन स्टार परत घेतले.

आणि हो, एक राहिलं. ई-चलन गाडीच्या मालकाला जातं. म्हणजे चांदणी चौकात नवऱ्यानं लेन कापली त्याचं चलन आधी लीज कंपनीला, तिथून आमच्या ॲडमिनला, तिथून फोटोसकट मला, सीसीमध्ये माझा मॅनेजर. फोटोत नवरा स्पष्ट दिसतो, तोंडात काहीतरी खातोय. मॅनेजरनं फक्त एक अंगठा पाठवला.